पोटाच्या डायलिसिसची नळी तुंबली आहे : गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा कुणाला अनुभव?

गुंजीकरीण | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या मामंजींचं सीएपीडी चालू आहे, म्हणजे घरच्या घरी पोटातून डायलिसिस. दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या. आमचं गाव खानापूर तालुक्यात. मशीनवरच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा बेळगाव गाठायचं म्हणजे पावसाळ्यात काय हाल होतात, ते इकडच्यांना सांगायला नको. म्हणून सुरुवातीपासूनच हा मार्ग धरला आणि तो चांगला मानवला. पिशव्या मीच बदलते. मामंजी त्या वेळात रेडिओ ऐकतात.

आता अडचण अशी. एरवी वीसेक मिनिटांत पोटातलं पाणी खालच्या पिशवीत उतरतं. शनिवारी सकाळी त्याला तासभर लागला. पाण्यात कापसाच्या दोऱ्यासारखे पांढरे तंतू होते. पाणी गढूळ नव्हतं; पिशवीखाली तरुण भारतचं पान ठेवलं तर बारीक अक्षरंही वाचता येत होती. ताप नाही, पोटदुखी नाही. रविवारी संध्याकाळपासून मात्र बाहेर येणं बंद आणि आत भरणंही जवळजवळ बंद.

जवळच्या एका दवाखान्यात तातडीनं नेलं तर तिथले म्हणाले, नळी काढून टाका आणि मानेत नळी घालून मशीनवर घ्या. मला ते पटेना. आमच्या नेहमीच्या बेळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाचा एक्सरे काढला. नळीचं टोक ओटीपोटात जागेवरच आहे. पाण्याचा नमुनाही तपासणीला गेला आहे. त्यांचं मत असं, की नळीच्या आत फायब्रिनची, म्हणजे त्या पांढऱ्या तंतूंची, गुठळी बसली आहे आणि उद्या गुठळी विरघळवणारं औषध नळीत सोडून बघू. अल्टेप्लेज म्हणाले, नाहीतर युरोकायनेज.

हे हार्ट अटॅकला देतात तेच औषध ना? मामंजींचं वय ७१. रक्तस्राव होईल का, याची घरात सगळ्यांना धास्ती आहे. ज्यांनी हे बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

---

चंदगडी | सोमवार, रात्री १०:०५

ताई, घाबरू नगा. आमच्या चुलत्याची अशीच बंद पडलेली. शेवटाला निघालं काय, तर पोट साफ नव्हतं! जुलाबाचं औषध दिलं, दुसऱ्या दिवशी पाणी धो धो. औषधबिवषध नळीत घालायच्या आधी तेवढं बघा. आमच्याकडं रताळी उकडून देतात, पोटाला बरी.

---

सिस्टर_शहापूर | सोमवार, रात्री १०:५०

मी पीडी, म्हणजे पोटाच्या डायलिसिसच्या, युनिटमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे, आता निवृत्त आहे. गुंजीकरीण, तुम्ही तीन गोष्टी फार नेमक्या लिहिल्यात. त्यावरूनच सांगते.

पहिला प्रश्न आम्ही नेहमी हा विचारायचो, की एकाच बाजूनं अडलंय की दोन्ही बाजूंनी? पाणी आत नीट जातं पण बाहेर येत नाही, असं असेल तर कारण बहुतेक वेळा नळीच्या बाहेर असतं. मलावरोध सगळ्यात आधी, चंदगडी म्हणतात ते खरंच आहे. भरलेलं आतडं नळीच्या भोकांवर दाबून बसतं. लघवीनं फुगलेली पिशवीही तसंच करते. नाहीतर नळी जागची सरकून वर गेलेली असते, किंवा पोटातला चरबीचा पडदा तिला लपेटलेला असतो. पण आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही असं झालं, तर आधी बाहेरचं बघायचं : क्लॅम्प, म्हणजे नळीचा चिमटा, उघडा आहे का, पट्टीखाली नळी दुमडली आहे का, कमरेचा पट्टा आवळून बांधलाय का. ते सगळं ठीक असेल तर संशय नळीच्या पोकळीतल्या गुठळीवर जातो. तुमच्याकडे तंतू दिसले, दोन्ही बाजूंनी अडलं, एक्सरेत टोक जागेवर. तुमच्या डॉक्टरांचा अंदाज मला बरोबर वाटतो. नळी लगेच काढायची घाई त्यांनी केली नाही, हे फार चांगलं झालं.

तरीही मामंजींना शौचाला कधी झाली होती ते त्यांना आवर्जून सांगा. एकाच वेळी दोन कारणं असू शकतात.

आता उद्या काय होईल ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. खोलीचं दार आणि पंखा बंद. मामंजींना आणि सिस्टरला दोघांनाही मास्क. हात धुणं जसं तुम्ही घरी करता तसंच, उलट जास्त काटेकोर. नळीचं टोक जंतुनाशकात ठेवून मगच उघडतील. आधी मोठ्या सिरिंजनं सलाईन हळूच आत-बाहेर करून बघतील. इथे जोर लावायचा नसतो. जोरानं ओढलं तर आतला पडदाच भोकात खेचला जातो आणि पेशंट कळवळतो. एवढ्यानं सुटलं तर औषधाची गरजच नाही. नाही सुटलं तर औषध नळी भरेल इतकंच, काही मिलिलिटर, अगदी सावकाश सोडतील आणि क्लॅम्प लावतील. तास-दोन तास तसंच ठेवायचं. मग सिरिंजनं अलगद ओढून बघायचं. गुठळीचा तुकडा सिरिंजमध्ये येतो तेव्हा स्पष्ट दिसतो, पांढरट-पिवळा, लिबलिबीत. त्यानंतर लगोलग दोन-तीनदा पाणी भरून-काढून पोट धुतात.

पेशंटला याचा त्रास असा काही होत नाही. कंटाळा येतो, एवढंच. रेडिओ घेऊन जा.

चंदगडी, रताळ्याचं म्हणाल तर त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मशीनवरच्या पेशंटला आम्ही ते सरळ मना करायचो. पोटाच्या डायलिसिसमध्ये उलट काहींचं पोटॅशियम कमी पडतं. म्हणून रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तसं. आपल्या मनानं नको. आणि मलावरोधावर मिल्क ऑफ मॅग्नेशिया किंवा फॉस्फेटचा एनिमा किडनीच्या पेशंटला देऊ नये. लॅक्टुलोज चालतं, तेही विचारूनच.

---

डॉ_टिळकवाडी | सोमवार, रात्री ११:३०

सिस्टरांनी व्यवहाराचं सगळं सांगितलं आहे. मी औषधाबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना तयार होणारी प्रथिनाची जाळी. पोटातल्या द्रवातही ती तयार होते. पोटाच्या पडद्याला सूज किंवा संसर्ग झाला, किंवा ऑपरेशननंतर थोडं रक्त आलं, की जास्तच. शरीरात ही जाळी तोडायची सोयही असते : प्लास्मिनोजेन नावाचं प्रथिन सुप्त अवस्थेत असतं, ते जागं झालं की प्लास्मिन बनतं आणि प्लास्मिन फायब्रिनचे तुकडे करतं. स्ट्रेप्टोकायनेज, युरोकायनेज, अल्टेप्लेज ही तिन्ही औषधं वेगवेगळ्या वाटांनी हेच करतात, प्लास्मिनोजेनला जागं करतात.

स्ट्रेप्टोकायनेज सगळ्यात जुनं. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू फायब्रिन विरघळवतात, हे विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये दाखवलं. स्वस्त आहे, पण ते जिवाणूचं प्रथिन असल्यानं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा दिल्यावर पुन्हा देणं टाळतात. म्हणून या कामासाठी मी ते निवडणार नाही. युरोकायनेज हे माणसाच्या मूत्रातच सापडणारं द्रव्य, ॲलर्जीचा प्रश्न कमी. अमेरिकेत १९९९ मध्ये उत्पादनातल्या सुरक्षिततेच्या शंकेवरून त्याचा पुरवठा थांबला आणि तिथली युनिट्स अल्टेप्लेजकडे वळली. आपल्याकडे युरोकायनेज मिळत राहिलं आहे. अल्टेप्लेज हे शरीरातल्याच टीपीए या गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत, आणि ते मुख्यतः फायब्रिनला चिकटूनच काम करतं. नळीसाठी साधारण १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं पातळ करून वापरतात.

तुमच्या धास्तीबद्दल. हार्ट अटॅकमध्ये अल्टेप्लेज १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि थेट शिरेतून देतात. इथे काही मिलिग्रॅम, तेही नळीच्या पोकळीत कोंडून ठेवलेलं. रक्तात मिसळणारा भाग फार थोडा. तरीही गेल्या काही दिवसांत ऑपरेशन झालं असेल, मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल, कुठून रक्त जात असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मामंजींच्या गोळ्यांची पट्टी न पट्टी सोबत न्या.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेवा. हे औषध फक्त फायब्रिन आणि रक्ताची गुठळी विरघळवतं. नळी सरकली असेल, चरबीच्या पडद्यानं वेढली असेल, तर कितीही औषध घाला, उपयोग नाही. बायकांमध्ये गर्भनलिकेची झालरही कधी नळीत शिरते, तिथेही नाही. म्हणून आधी एक्सरे, मग औषध, हा क्रम योग्य आहे.

---

तंबाखूपेठ | मंगळवार, सकाळी ७:१५

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला आमच्या घरचा दाखला देतो. आईची नळी अडली तेव्हा आम्ही निपाणीत. पाणी आत जायचं, बाहेर यायचं नाही. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, पण एक्सरे न काढताच युरोकायनेज दिलं. त्या दिवशी थोडं पाणी आलं, आम्हाला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा औषध. आई बिचारी फुगलेलं पोट घेऊन बसलेली, रात्री आडवं होता येईना, दम लागायचा.

शेवटी कोल्हापूरला नेलं. एक्सरेत नळीचं टोक बरगडीच्या खाली वर गेलेलं दिसलं. दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तर चरबीचा पडदा नळीच्या सगळ्या भोकांत गुंतलेला. तो सोडवून वर पोटाच्या भिंतीला टाचला आणि नळी पुन्हा खाली बसवली. तीच नळी पुढे चालली, नवी घालावी लागली नाही. सर्जननी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. नळीभोवती तो पिवळा पडदा असा घट्ट पिळलेला, की औषधानं काय होणार होतं, ते बघताक्षणी कळलं.

औषध वाईट नाही. चुकीच्या ठिकाणी वापरलं की मधले दिवस वाया जातात आणि त्या दिवसांत डायलिसिस होत नाही, हे माझं म्हणणं. गुंजीकरीण, तुमच्याकडे एक्सरे झालाय, दोन्ही बाजू बंद आहेत. तुमची गोष्ट वेगळी आहे.

---

खडेबझार | मंगळवार, सकाळी ८:३०

माझं औषधांचं दुकान आहे. दोन गोष्टी.

अल्टेप्लेजच्या बाटल्या आपल्याकडे २० आणि ५० मिलिग्रॅमच्या येतात, कारण त्या हृदयाच्या आणि पक्षाघाताच्या पेशंटसाठी असतात. नळीसाठी लागतं थोडं, पण बाटली अख्खी घ्यावी लागते. म्हणून दवाखान्याच्या औषध विभागाला आधीच विचारा. कधी कधी त्यांच्याकडे युरोकायनेज तयार असतं आणि डॉक्टरांना ते चालणार असेल तर खर्चात बराच फरक पडतो. बाहेरून आणायला सांगितलं तर बिल आणि बॅच नंबर बघून घ्या. आमच्याकडे कधी कधी माणसं येतात, "नळी साफ करायचं औषध द्या, घरी सोडतो" म्हणून. मी देत नाही. कुणी देऊही नये.

दुसरं, घरी पिशवीत हेपरिन, म्हणजे नवी गुठळी होऊ न देणारं औषध, घालायला सांगितलं तर बाटलीवरचा आकडा नीट वाचा. ५ मिलिलिटरच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या असतात : एकीत दर मिलिलिटरला १००० युनिट, दुसरीत ५०००. बाटली दिसायला सारखीच. घरात एकच तऱ्हा ठेवा आणि चिठ्ठीवर युनिटबरोबर मिलिलिटरही लिहून मागा.

---

मलप्रभाकाठ | मंगळवार, सकाळी ९:००

खर्चाचं निघालंच आहे तर : महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. तुमचं गाव यादीत असेल तर कागदपत्रं करून ठेवा. आणि कर्नाटकचं आयुष्मान कार्ड असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, नळीची ही दुरुस्ती त्यात बसते का. पेशंट झोपलाय आणि आपण काउंटरवर धावतोय असं होऊ नये, म्हणून आजच विचारा.

---

गुंजीकरीण | मंगळवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री घरात सगळ्यांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. सासूबाई तर सकाळी डॉक्टरांना स्वतःच म्हणाल्या, "पोट साफ नाही त्यांचं, ते पण बघा."

आज काय झालं ते लिहिते. नमुन्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे संसर्ग नाही. आधी सलाईननं प्रयत्न झाला. सिरिंजचा दट्ट्या पुढे सरकेना. सिस्टरनी जोर केला नाही, तिथेच थांबल्या. मग अल्टेप्लेज. दुधासारखं असेल असं मला वाटलं होतं, पण अगदी पाण्यासारखं स्वच्छ होतं. इतकं सावकाश सोडत होत्या, की दट्ट्या हलतोय हे कळतही नव्हतं. मध्ये थांबायचं, पुन्हा कणभर. मग क्लॅम्प लावला आणि पट्टीवर वेळ लिहिली.

दोन तासांनी सिरिंज जोडून ओढलं. आधी काहीच नाही. मामंजींना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. पुन्हा ओढलं आणि एकदम पाणी आलं, त्याबरोबर बोटाच्या पेराएवढी, शेवयासारखी लांबट गुठळी. सिस्टरनी ती ट्रेमध्ये घेऊन आम्हाला दाखवली. पुढच्या पिशवीचं पाणी वीस मिनिटांच्या आतच उतरलं. मामंजी पहिला शब्द बोलले तो, "आता चहा मिळेल का?"

रक्त अजिबात आलं नाही. पोट साफ व्हायला लॅक्टुलोज दिलं आहे. दर पिशवीत काही दिवस हेपरिन घालायला सांगितलंय, १००० युनिट. खडेबझार, तुमचं वाचलेलं होतं म्हणून मिलिलिटर लिहून मागितले.

आता पुढचे प्रश्न. हे परत झालं तर परत हेच औषध चालतं का? आणि विरघळवणारं औषध दिलंच आहे, तर हेपरिन कशाला?

---

डॉ_टिळकवाडी | मंगळवार, रात्री ९:१०

फार चांगली बातमी.

हेपरिन आणि हे औषध यांची कामं वेगळी. हेपरिन झालेली गुठळी विरघळवत नाही, नवी होऊ देत नाही. लिटरला ५०० युनिट हे नेहमीचं प्रमाण, तुमच्या दोन लिटरच्या पिशवीत म्हणून १०००. पोटाच्या पडद्यातून ते रक्तात फारसं जात नाही, त्यामुळे अंगातलं रक्त पातळ होईल ही भीती नको. तंतू दिसायचे थांबले की डॉक्टर बंद करतील.

अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज पुन्हा देता येतं. पण लगेच पुन्हा तुंबली तर मी औषध उगाळत बसणार नाही. नव्यानं एक्सरे आणि गरज पडली तर दुर्बीण. तंबाखूपेठ यांनी लिहिलं ते नेमकं तेच.

आणखी एक. कधी पाणी गढूळ आलं, पोट दुखलं, ताप आला, तर तो वेगळा रस्ता आहे. पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला १०० च्या वर आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), म्हणजे पेरिटोनायटिस, पोटाच्या पडद्याचा संसर्ग, समजून लगेच प्रतिजैविक सुरू करतात. बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या संसर्गात, नळीतल्या फायब्रिनमध्ये जंतू लपतात म्हणून युरोकायनेज सोडून बघितलं गेलं होतं. पण तिथे नळी काढून नवी बसवणंच सरस ठरलं. म्हणजे नळी वाचवायचा हट्ट प्रत्येक वेळी धरायचा नसतो. तुमच्या बाबतीत तो धरणं बरोबर होतं.

---

सिस्टर_शहापूर | मंगळवार, रात्री ९:४५

वाचून फार आनंद झाला! हेपरिन घालताना पिशवीच्या औषधाच्या तोंडाला जंतुनाशक लावून ते सुकू द्या, मगच सुई टोचा. पिशवी गरम करायच्या आधी घाला आणि दोन-चारदा उलटी-सुलटी करा. दर पिशवी उतरायला किती वेळ लागला ते वहीत लिहीत चला. वेळ वाढत चालला की बंद पडायच्या आधीच कळतं.

---

अथणीहून | बुधवार, सकाळी ६:३०

धागा आत्ताच सापडला. माझ्या वडिलांचं पाणी काल रात्रीपासून बाहेर येत नाही. आत मात्र जातंय. दोन पिशव्या आतच राहिल्यात. तंतू नाहीत. हेच औषध मागू का?

---

सिस्टर_शहापूर | बुधवार, सकाळी ६:४०

थांबा, आधी तिसरी पिशवी भरू नका. तुमचं एका बाजूनं अडलंय, ते औषधाचं लक्षण नाही. शौचाला कधी झाली होती? लघवी होते का, पोट फुगलंय का, दम लागतोय का? कुशीवर वळवून, उभं करून पाणी उतरतंय का बघा आणि तुमच्या पीडी सेंटरला आत्ता फोन करा. दम लागत असेल तर फोनची वाट बघू नका, सरळ गाडी काढा. एक्सरे मागा. उत्तर इथे लिहा, मी बघते आहे.

---

अथणीहून | बुधवार, सकाळी ६:५५

दम नाही. शौच तीन दिवस नाही. सेंटरला फोन लागला, साडेनऊला बोलावलंय. निघतो.